तक्रार येत नाही अशी तक्रार

तक्रार आली म्हणून डोकं धरून बसलेली माणसं घरोघरी सापडतात. तक्रार येत नाही म्हणून ज्याची भूक उडाली, असा माणूस मात्र या पृथ्वीतलावर आजवर एकच होऊन गेला, आणि तो अजून ठणठणीत आहे.

ऑफिसात, आणि ऐकून ऐकून इमारतीतही, त्यांना सगळे 'ज्येष्ठ' म्हणत. एके काळी त्यांना स्वतंत्र केबिन होती आणि दारावर 'ज्येष्ठ प्रमुख अभियंता, ग्राफिक्स ड्रायव्हर' अशी पितळी पाटी होती. पुढे जागेची टंचाई झाली. केबिन गेली, दार गेलं, पाटी गेली, आणि पाटीवरचा पहिला शब्द तेवढा त्यांना चिकटून राहिला. वय त्रेपन्न; पण बाकीच्या मंडळींचं सरासरी वय सव्वीस असल्यामुळे त्या त्रेपन्नाचे कुणीही डोळे झाकून ऐंशी केले असते.

ज्येष्ठांचं काम काय, हे त्यांच्या बायकोलाही लग्नानंतर अकरा वर्षांनी समजलं. तुम्हांला मी एका परिच्छेदात सांगतो, यावरून माझी थोरवी ओळखा. कॉम्प्युटरमध्ये चित्रं काढणारी एक चिप असते. तिच्यावर देखरेख करणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. चिपकडे भरपूर मेमरी असते आणि ती मेमरी म्हणजे एक मोठी इमारत समजा. प्रत्येक प्रोग्रॅमला त्यातल्या खोल्या वाटून दिलेल्या. एखाद्याने आपली खोली सोडून भलत्याच्या खोलीत पाय ठेवला, की झाला फॉल्ट. मग चिपने धावत जाऊन ड्रायव्हरच्या दाराची कडी वाजवायची, 'अहो उठा, हा बघा कुठे शिरलाय!' या कडी वाजवण्याला इंटरप्ट म्हणतात. ड्रायव्हरने हातातलं काम टाकून उठायचं, तक्रार लिहून घ्यायची आणि घुसखोराची मानगूट धरून त्याला बाहेर काढायचं. ही सगळी व्यवस्था ज्येष्ठांनी आठ वर्षांपूर्वी एकट्याने लिहिली होती. घरात चार पाहुणे जमले की ते हा विषय काढत, आणि पाचवा पाहुणा येण्याआधी चार गेलेले असत.

तर अशी चिप बसवलेलं कंपनीचं नवं कार्ड आलं, आणि त्याच्यावर ही कडी वाजेनाशी झाली. घुसखोरी होत होती, राजरोस होत होती, पण तक्रार नाही. कार्ड घ्यायला निघालेली कंपनी दवाखान्यांसाठी तपासणीची यंत्रं बनवणारी. तिच्या माणसांनी चाचणी घेतली, तेव्हा एका गृहस्थाच्या फुप्फुसाच्या चित्रात कोपऱ्यात कुणाचा तरी गुडघा दिसला. गुडघा उत्तम होता. पण तो तिथे असायला नको होता, आणि असलाच तर कार्डाने तसं सांगायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मीटिंग झाली. मॅनेजर ही एकोणतीस वर्षांची मुलगी होती. सात वर्षांपूर्वी ती ज्येष्ठांच्या हाताखाली शिकायला आली, तेव्हा इंटरप्ट म्हणजे काय हे त्यांनीच तिला टेबलावर टकटक करून समजावलं होतं. आता टेबल तिचं होतं.

"सर, शुक्रवारी त्यांच्या डॉक्टरबाई स्वतः येणार आहेत," ती म्हणाली. "तोपर्यंत सापडेल ना?"

"माझ्या कोडमधून एकही तक्रार आजवर हरवलेली नाही," ज्येष्ठ म्हणाले.

"हो सर. पण आता येत नाहीये."

"येत नाही आणि हरवली, यात फरक आहे."

"तो डॉक्टरबाईंना कळणार नाही, सर." मग मॅनेजर कागदाकडे बघत बोलली, यावरून पुढचं वाक्य तिने आदल्या दिवशी पाठ केलं असावं. "शुक्रवारपर्यंत झालं नाही, तर हा भाग चौघांची नवी टीम पहिल्यापासून लिहील. आणि तुमच्या अनुभवाचा उपयोग माहितीपुस्तिका विभागाला करून घ्यायचाय."

माहितीपुस्तिका विभाग कँटीनशेजारी होता. तिथे तिघं जण दिवसभर 'यंत्र सुरू करण्यासाठी सुरू करण्याचे बटण दाबावे' अशी वाक्यं लिहीत आणि एकमेकांची तपासत. ज्येष्ठांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्या संतापाची हीच परिसीमा होती.

सव्वीस वर्षांच्या नजरांसमोर चाचपडत बसण्यापेक्षा नवं कार्ड बसवलेलं चाचणीचं यंत्र घरी न्यावं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी स्टोअरकीपरकडून गेटपास हवा होता. स्टोअरकीपरला कंपनीत एकोणीस वर्षं झाली होती आणि त्याने आजवर कुणाला पहिल्या खेपेत गेटपास दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"दोनच फॉर्म आहेत, साहेब. पिवळा, बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला. निळा, चांगलं यंत्र गिऱ्हाइकाकडे."

"मला घरी न्यायचंय."

"घर म्हणजे दुरुस्तीचं दुकान धरू की गिऱ्हाईक?"

"पिवळा द्या," ज्येष्ठ म्हणाले.

स्टोअरकीपरने पेनचं टोपण काढलं. "बिघाड काय?"

"फॉल्ट येत नाहीत."

पेन हवेतच थांबलं. "फॉल्ट नाही?"

"नाही."

"मग पिवळा कशाला?"

"अहो, फॉल्ट न येणं हाच फॉल्ट!"

"साहेब, असेल तर आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा. हे मधलं अध्यात्म रकान्यात मावत नाही."

पाऊण तास घासाघीस झाली. शेवटी फॉर्मवर 'बिघाड: नाही. दुरुस्तीचे स्वरूप: बिघाड आणणे' असं लिहून, त्यावर शिक्का मारून यंत्र सुटलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तो कागद दोनदा वाचला, ज्येष्ठांकडे एकदा पाहिलं आणि फाटक उघडलं. असे कागद नेणाऱ्यांना अडवू नये, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

यंत्राचं वजन सव्वीस किलो. लिफ्ट बंद. घर तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्यावर ज्येष्ठ दम घ्यायला टेकले, आणि जिथे माणूस टेकतो तिथे शेजारी उगवतो, हा इमारतींचा स्थायिभाव आहे. पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट हळहळले आणि यंत्राचा नाही तर निदान पाठीचा तरी विमा काढा म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तक्रार येत नाही, म्हणून तुम्ही त्रासलाय?"

"हो."

"माझ्याकडे शिकणाऱ्यांच्या आया रोज चार तरी घेऊन येतात. पाठवू का वर?"

एकट्या दंतवैद्याने, जो खाली उतरताना भेटला, त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं. "तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "दुखायचं थांबलं की पेशंट खूश होतो. मला मात्र तेव्हाच घाम फुटतो." एवढं बोलून तो निघून गेला आणि ज्येष्ठांना उरलेला जिना दाढ ठणकत असल्यासारखा वाटला.

यंत्र जेवणाच्या टेबलावर स्थानापन्न झालं, कारण ते पेलेल असं घरात दुसरं काही नव्हतं. त्याचे चार पंखे सुरू झाले तेव्हा खिडकीचे पडदे बाहेर उडाले, भिंतीवरचं कॅलेंडर तीन महिने पुढे गेलं आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. घरातलं बोलणं खाणाखुणांवर आलं. ज्येष्ठांची बायको ग्रंथपाल होती; आयुष्यभर लोकांना गप्प बसवण्यात गेलेल्या बाईला हे दिवस बघावे लागले. तिने दोघांची ताटं ओट्यावर वाढली आणि खुणेनेच विचारलं, किती दिवस? ज्येष्ठांनी चार बोटं दाखवली. तिने एक बोट कपाळाला लावलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी खास एक गुंड प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच: सेकंदाला हजार वेळा दुसऱ्यांच्या खोल्यांत घुसायचं. तो सोडून ते आढावा बैठकीसाठी ऑफिसला गेले. बायको तर आधीच लायब्ररीत गेली होती. दुपारी येऊन बघतात तो यंत्र बंद आणि घरातली वीज गेलेली. तळमजल्यावर जाऊन त्यांनी खटका वर केला. वीज आली, यंत्र सुरू झालं. लॉगमध्ये पाहिलं, म्हणजे ड्रायव्हर जिथे तक्रारी लिहून ठेवतो त्या नोंदीत. पाटी कोरी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती इमारत बांधणाऱ्याने कुठल्या तरी घाईत ज्येष्ठांचं घर आणि त्यांच्या बरोबर खालचं घर यांची वीज एकाच खटक्यावर जोडली होती. वर लोड वाढला की अंधार दोन्हीकडे. खालच्या घरात एक सेवानिवृत्त हेडक्लार्क राहत. तक्रार निवारण खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेलेली. एरवी वरून पेन्सिल पडली तरी ते जिना चढून येत. म्हणून बुधवारी जेव्हा वीज एकदा, दोनदा आणि तिसऱ्यांदा गेली, तेव्हा दर वेळी ज्येष्ठ दाराकडे बघत बसले. कुणीच आलं नाही.

"काय सज्जन माणूस आहे!" त्यांनी बायकोला ओरडून सांगितलं. "अवाक्षर काढलं नाही!"

ज्या माणसाने तीन दिवस एका न आलेल्या तक्रारीपायी जिवाचं रान केलं होतं, त्याला दुसरी न आलेली तक्रार अशी गोड लागली. शिकलेल्या माणसांचं असं होतं.

बुधवारचा दिवस तर नाटकच होऊन गेला. दुपारी ज्येष्ठांचा धीर सुटला आणि त्याच यंत्रावर त्यांनी एक पत्र लिहायला घेतलं. माहितीपुस्तिका विभागात जाण्यापेक्षा मानाने बाहेर पडावं, अशा आशयाचं. भाषा भारदस्त होती. तिसऱ्या ओळीत त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. ते पत्र अर्धवट सोडून त्यांनी पुन्हा गुंड प्रोग्रॅम चालू केला आणि तोंड धुवायला गेले. बायको चहा घेऊन आली. गुंडाने आपलं काम चोख बजावलं होतं. शेजारच्या खोलीत घुसून तिथलं दिसेल ते ओरबाडून त्याने पडद्यावर फेकलं होतं, आणि बावीस इंची पडद्यावर फाटक्या अक्षरांत उलटसुलट दिसत होतं: 'स्वाभिमा', 'राजीना', 'आठ वर्षे रक्ता', पुन्हा 'राजीना'.

ज्येष्ठ बाहेर आले. बायकोने यंत्राचा प्लगच काढला. तीन दिवसांत पहिल्यांदा घर वीज न जाताच शांत झालं.

"हे काय आहे?"

"चाचणी," ज्येष्ठ म्हणाले.

"अहो, मी पुस्तकांची फाटलेली पानं जोडते. मला वाचता येतं." ती खुर्चीवर बसली. "ते काम तुमच्याकडून काढून घेतायत?"

"शुक्रवारी. नाही सापडलं तर."

चार पाहुणे पळवून लावणारं ते इंटरप्टपुराण तिने आठ वर्षांत शंभर वेळा ऐकलं असेल. शंभर वेळा तिने ते मध्येच तोडलंही असेल. पण ते सांगताना नवऱ्याचा चेहरा कसा होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"चहा घ्या," ती म्हणाली. "आणि पत्र पूर्ण करू नका. 'रक्त आटवणे' वगैरे तुम्हांला शोभत नाही." मग प्लग परत लावता लावता ती म्हणाली, "आणि ते खालचे सज्जन कसले हो? काल जिन्यात दिसले, तर त्यांनी मान फिरवली. आजही फिरवली. काहीतरी बिनसलंय. जाऊन विचारा एकदा."

गुरुवारी सकाळी ज्येष्ठ खाली गेले, ते निव्वळ बायकोच्या समाधानासाठी. हेडक्लार्कनी दार उघडलं. त्यांच्या अंगात पांढरा शर्ट होता. शर्टाची उजवी बाजू कडक इस्त्रीची, डावी चुरगळलेली. मधून एक सरळ रेघ गेलेली, जणू कुणी सरहद्द आखून दिली होती.

"तुमची वीज जाते का हो?" ज्येष्ठांनी विचारलं.

"जाते."

"माझ्या यंत्रामुळे?"

"तुमच्याच. रोज नेमकी इस्त्रीच्या वेळी."

"अहो, मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं."

"कधी?"

"मंगळवारी. अकरा वाजून दहा मिनिटांनी. लेखी. दोन प्रतींत."

"मंगळवारी मी घरी नव्हतो."

"तो तुमचा प्रश्न," हेडक्लार्क म्हणाले. "मी तीन वेळा दार वाजवलं. मग अर्ज दाराखालून आत सरकवला. अर्जदाराचं काम तिथे संपतं."

"बरं, पण काल तीनदा गेली. तेव्हा तरी यायचं!"

हेडक्लार्कनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू ज्येष्ठांनी त्यांना चोरी करायला सुचवलं. "आधीचा अर्ज प्रलंबित असताना त्याच विषयावर दुसरा अर्ज? चौतीस वर्षं मी लोकांचे दुसरे अर्ज परत केले, साहेब. पहिला निकाली निघेपर्यंत दुसरा घेता येत नाही. आज माझी इस्त्री राहिली म्हणून मी स्वतः नियम मोडू?"

"म्हणजे तुम्ही वाट बघत होता?"

"अर्थात. तुमच्या पोचेची."

"आणि मी समजत होतो, तक्रारच नाही!"

"तसं समजणारी पुष्कळ माणसं पाहिलीत मी," हेडक्लार्क थंडपणे म्हणाले. "मोठमोठ्या खुर्च्यांवर."

ज्येष्ठांचं तोंड उघडं पडलं. मग त्यांनी हेडक्लार्कना इस्त्रीच्या बाजूच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं, म्हणजे तीही बाजू गेली, आणि त्यांना ओढतच वर नेलं. दारातलं पायपुसणं उचललं. खाली अर्ज होता. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. फक्त दोन दिवसांच्या पावलांनी तो चुरगळलेला.

"सापडलं!" ज्येष्ठ ओरडले.

"सापडणारच. मीच टाकला होता."

पण ज्येष्ठांना सापडलं होतं ते वेगळंच. झालं होतं असं. यंत्र सुरू होताना, ड्रायव्हर जागा होऊन दार उघडण्याच्या आधीच, आत कुणाकडून तरी एक फॉल्ट होत होता. चिप आपलं कर्तव्य करून कडी वाजवून येत होती. पण तेव्हा घरी कुणी नव्हतं. चिपमध्ये एक खूण असते, तिला स्टेटस बिट म्हणतात. तक्रार पडून असेल तर ती वर, निकाली निघाली की खाली. ती वर जाऊन बसली होती. पुढे ड्रायव्हर आला, दार उघडून, कान देऊन बसला. तो म्हणतो, कडी वाजली की उठू. चिप म्हणते, मी मघाशीच वाजवली, आधी तिचं काय झालं ते सांगा, मग दुसरी. आणि दोघंही आपापल्या जागी नियमाला धरून, तोंड फिरवून बसलेली. जुनं कार्ड दार उघडण्याआधी कडी वाजवतच नसे, म्हणून आठ वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आता दार उघडण्याआधी ती खूण पुसून टाकतो," ज्येष्ठ कीबोर्डकडे धावत म्हणाले. "एक ओळ. फक्त एक ओळ!"

"पुसून?" हेडक्लार्क कडाडले. "म्हणजे अर्ज न वाचता फाडणार?"

ज्येष्ठांची बोटं थांबली.

"आधी वाचा. नोंद करा. पोच द्या. मग निकाली काढा. आणि मगच खिडकी उघडा. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे ज्येष्ठ!"

हे शेवटचं जिव्हारी लागण्यासारखं होतं. पण खरं होतं. ज्येष्ठांनी एकाच्या चार ओळी लिहिल्या: आधीची पडून असलेली तक्रार वाचायची, लॉगमध्ये लिहायची, खूण खाली करायची, मग दार उघडायचं. यंत्र बंद करून सुरू केलं. गुंड सोडला. दोघंही श्वास रोखून पडद्याकडे बघू लागले.

पहिली ओळ उमटली. मग दुसरी. मग पावसात पत्र्यावर गारा याव्यात तशा तक्रारी कोसळू लागल्या. ड्रायव्हरने गुंडाची मानगूट धरली. ज्येष्ठांनी आनंदाच्या भरात आणखी तीन गुंड एकदम सोडले, चारही पंखे विमानासारखे घोंगावले, आणि फट्! दोन्ही घरांची वीज गेली.

हेडक्लार्क उठून खाली गेले. दोन मिनिटांनी कडी वाजली. ज्येष्ठांनी दार उघडलं. दारात हेडक्लार्क उभे होते, हातात कागद.

"अर्ज क्रमांक दोन," ते म्हणाले. "पहिल्याचा निकाल लागलाय. सही खाली, तारीख उजवीकडे."

ज्येष्ठांनी इतक्या प्रेमाने आजवर कशावरही सही केली नव्हती.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या. पांढरे केस, सुती साडी, आणि एखाद्याचा खोकला ऐकावा तसं समोरच्याचं बोलणं ऐकण्याची सवय. ज्येष्ठांच्या दुरुस्त ड्रायव्हरवर मॅनेजरने स्वतः तयार केलेलं प्रात्यक्षिक लावलं. पडद्यावर माणसाचा आख्खा सांगाडा, गोल फिरणारा, हवा तिथे कापून आत बघता येणारा. तिची सहा महिन्यांची मेहनत. सांगाड्याने एक गिरकी घेतली, दुसरी अर्धी घेतली, आणि पडदा काळा झाला. शेजारच्या लहान पडद्यावर तक्रारींच्या ओळी झरझर धावू लागल्या. शंभर, हजार, चार हजार.

ज्येष्ठांना एका नजरेत कळलं. सांगाडा दर गिरकीला भलत्याच खोलीत पाय टाकत होता. पहिल्यापासून टाकत असणार. आजवर कडीच वाजत नव्हती, म्हणून सगळं छान दिसत होतं, आणि कुणाचा तरी गुडघा कुणाच्या तरी फुप्फुसात जात होता.

मॅनेजर त्यांच्या कानाशी वाकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, बंद करा ना ते. दहा मिनिटांपुरतं. प्लीज."

बंद करायला एक ओळ पुरली असती. फॉल्टचे इंटरप्ट बंद, सांगाडा सुरू, डॉक्टरबाई खूश, मॅनेजर जन्माची ऋणी, आणि ज्येष्ठांची खुर्ची निवृत्तीपर्यंत पक्की. ज्येष्ठांचं बोट कीबोर्डवर गेलं. होय, गेलं, उगाच खोटं कशाला सांगू? तिथे ते चांगले पाच सेकंद राहिलं. मग ते चष्म्याकडे गेलं.

"चित्र का गेलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी थांबवलं," ज्येष्ठ चष्मा पुसत म्हणाले. "म्हणजे माझ्या ड्रायव्हरने. ते चित्र दुसऱ्याच्या मेमरीतलं काहीतरी उचलत होतं."

"मग मघाशी दिसत होतं ते?"

"सुंदर होतं. पण खरं असेल अशी खात्री नाही."

मॅनेजरने डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाई उठल्या आणि लहान पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. अकरा हजार दोनशेवर येऊन ओळी थांबल्या होत्या.

"गेल्या महिन्यात मी आणखी एक कार्ड पाहिलं," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत एकही तक्रार नाही. मी विचारलं, चूक होत नाही की झालेली कळत नाही? ते सगळे हसले, आणि मला चहा देऊन वाटेला लावलं." त्यांनी पर्स उचलली. "मला ही यादी हवी. दोन महिन्यांनी येईन. यादी आटलेली पाहिजे, पण तोंड दाबून नव्हे. ते मला कळतं. माझा धंदाच तो आहे." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "आणि तेव्हा हेच गृहस्थ समोर बसलेले हवेत."

अशा रीतीने ज्येष्ठांचं काम ज्येष्ठांकडेच राहिलं. खरं सांगायचं तर ते काढून घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. अकरा हजार दोनशे तक्रारींचा आकडा दुपारपर्यंत ऑफिसभर झाला, आणि नव्या टीममधल्या चौघांपैकी एकाची पाठ धरली, एकाला लग्नाची रजा लागली, तिसऱ्याला आपली खरी आवड वेगळीच असल्याचा साक्षात्कार झाला. चौथा सोमवारी दिसला तो माहितीपुस्तिका विभागात, बटणाबद्दल एक वाक्य लिहिताना. चेहरा प्रसन्न होता.

सोमवारीच दुपारी मॅनेजर ज्येष्ठांच्या टेबलाशी आली. हातात वही होती.

"सर, यातल्या माझ्या किती?"

"सात हजार चारशे."

तिने आकडा वहीत लिहिला. "आणि बाकीच्या तीन हजार आठशे?"

ज्येष्ठांनी चष्मा काढला. तो स्वच्छ होता, तरी त्यांनी तो पुसला. खिडकीबाहेर पाहिलं. तिथेही मदतीला काही नव्हतं.

"त्या जुन्या भागातल्या आहेत," ते घसा खाकरून म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी एका माणसाने लिहिला होता तो."

"कोण हो?"

"होता एक. स्वतःला फार शहाणा समजायचा."

मॅनेजरने त्यांच्याकडे पाहिलं. मग पायाने खुर्ची ओढली, ती त्यांच्या खुर्चीला लावली आणि वहीचं नवं पान उघडलं.

"मग आधी त्याच्याच घेऊ, सर," ती म्हणाली. "माझ्या काय, होतील सावकाश. त्याच्या निवृत्तीला मात्र सातच वर्षं राहिलीत."